‘सेव्हर’ला वाली कोण

संगणकाच्या पोटात, अगदी तळाशी, कर्नल नावाचा एक प्रोग्राम असतो. प्रोसेसरने किती वेगात पळायचं आणि कधी दम खायचा, हे तो ठरवतो. त्यासाठी त्याच्यात चार-पाच चाली लावून दिलेल्या असतात आणि प्रत्येक चालीला नाव असतं. त्यातल्या एका चालीचं नाव ‘सेव्हर’. ऐकणाऱ्याला वाटेल, वीज वाचवत असेल बिचारी. कसलं काय! काम दिसलं रे दिसलं की ही चाल प्रोसेसरला जीव खाऊन पळवते आणि काम संपलं की झोपवते. पंधरा वर्षांपूर्वीच्या प्रोसेसरवर म्हणे अशाने खरंच वीज वाचायची. आता वाचत नाही. पण नाव चिकटलं ते चिकटलं, आणि जगभरातले लोक वीज वाचेल म्हणून ती चाल लावतात आणि मशीन तापलं म्हणून कपाळाला हात लावतात.

ते नाव बदलायचं मी मनावर घेतलं होतं. ‘सेव्हर’ काढून ‘स्प्रिंट’ ठेवायचं. बदल म्हणाल तर अठ्ठावीस ओळींचा. पण त्या अठ्ठावीस ओळींवर माझं सगळं अडलं होतं.

मी दिपमाला. धुळ्यात देवपूरला आमचं दुकान आहे. संगणक दुरुस्ती, इन्व्हर्टर, आणि केळी पिकवायच्या चेंबरचे कंट्रोलर. दुकान माझ्या वडिलांचं, रुपचंद नानांचं. मी पुण्यात दोन वर्षं नोकरी केली, लॉकडाउनमध्ये आठ दिवसांसाठी म्हणून घरी आले आणि पाच वर्षं झाली तरी इथेच आहे. आधी आईचं ऑपरेशन, मग नानांच्या डोळ्यांचं, मग कुणाचंच काही नसलं तरी ‘आता कुठे जातेस’. बाहेरून बघणाऱ्याला यात काही वाईट दिसणार नाही. घर आहे, दोन वेळचं गरम जेवण आहे, कुणी वर आवाज चढवून बोलत नाही. पण सकाळी शटर वर करताना रोज छातीवर कुणीतरी पाय देऊन उभं आहे असं वाटतं. एकोणतीस वर्षांची आहे मी, आणि पुढच्या तीस वर्षांतला प्रत्येक सोमवार मला आजच तोंडपाठ आहे.

बंगलोरच्या एका कंपनीने माझ्या तीन मुलाखती घेतल्या होत्या. कर्नलवर काम करणारी माणसं त्यांना हवी होती. तिसऱ्या मुलाखतीत त्यांनी स्पष्टच सांगितलं, तुमच्या नावाचा एक तरी बदल कर्नलमध्ये शिरलेला दाखवा, मग पुढचं बोलू. जूनपर्यंत जागा धरून ठेवतो म्हणाले. मी त्या रात्री झोपले नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून ‘सेव्हर’च्या मागे लागले.

कर्नलमध्ये बदल शिरवणं म्हणजे आपण लिहिलं आणि झालं असं नसतं. प्रत्येक भागाला एक सांभाळणारा माणूस असतो, त्याने मान हलवल्याशिवाय पान हलत नाही. माझ्या भागाला एक बाई होत्या, तिकडे उत्तर युरोपात कुठेतरी. मी त्यांना मनातल्या मनात मेंटेनरबाई म्हणायचे. बाई कडक पण सरळ. त्यांनी माझा बदल चार वेळा परत पाठवला, एकदा तर एका रिकाम्या ओळीसाठी. पाचव्यांदा लिहिलं की बदल योग्य आहे, हे नाव कधीच जायला हवं होतं. मी दुकानात एकटीच होते, स्टुलावर उभी राहून नाचले.

मग त्यांनी अट घातली. कर्नलचा एक नियम आहे, कालपर्यंत चालणारं कुणाचं मशीन आज आपल्यामुळे बंद पडता कामा नये. एका चालीला जुनं आणि नवं अशी दोन नावं ठेवायला बाई तयार नव्हत्या, आधीच गोंधळ कमी नाही म्हणाल्या. तेव्हा सहा आठवडे थांबायचं, कर्नलच्या मेल-यादीवर सगळ्यांना जाहीर विचारायचं की जुन्या नावावर कुणाचं काही अवलंबून आहे का. कुणीच बोललं नाही तर जुनं नाव काढायचं आणि नवं घालायचं.

पाच आठवडे कुणी चकार शब्द काढला नाही. मी रोज सकाळी आधी ती यादी उघडायचे, मग चहा. आईला वाटलं, स्थळाचं काही चाललंय.

सहाव्या आठवड्यात नाना म्हणाले की जळगावला चल. दर वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी ते चेंबरचे कंट्रोलर तपासून येतात. आता डोळ्यांमुळे एकटे जात नाहीत. जळगावच्या बाहेर एका व्यापाऱ्याचे पाच चेंबर आहेत, तिथला कूलिंगचा मिस्तरी कादरभाई हा नानांचा जुना दोस्त. आम्ही पोचलो तेव्हा ऊन असं होतं की मोटरसायकलच्या सीटला हात लावता येईना. चेंबरमध्ये मात्र थंडगार, आणि क्रेटमध्ये रचलेली हिरवीगार केळी. कंट्रोलर म्हणजे भिंतीवरचा एक पत्र्याचा डबा, त्यात हाताच्या पंजाएवढा संगणक. तो दर मिनिटाला आतली उष्णता आणि हवा मोजतो आणि त्याप्रमाणे पंखे चालू-बंद करतो.

मी डबा उघडला, स्क्रीन जोडला आणि सुरुवातीची फाइल वर आणली. तिसऱ्याच ओळीत लिहिलं होतं की चाल ‘सेव्हर’ लाव. शेजारी रोमन अक्षरांत मराठी टीप होती: यामुळे वीज वाचेल. खाली नाव, दिपू. म्हणजे मीच.

 खोटं नाही सांगत, तिथल्या क्रेटवर बसले.

मला सगळं आठवलं. मी सोळा वर्षांची होते. नानांनी तो पहिला छोटा संगणक कुठूनसा आणला होता आणि मी अख्खी सुट्टी त्यावर घालवून चेंबरचा प्रोग्राम लिहिला होता. नानांना इंग्रजी वाचायला जड जातं. त्यांनी विचारलं, यातली कोणती चाल लावू? मी नावं वाचली आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, नाना, ही ‘सेव्हर’ लावा, वीज वाचेल. ज्या नावाने जगाला फसवलं म्हणून मी कंबर कसली होती, त्याने सगळ्यात आधी मलाच फसवलं होतं, आणि ते मी साफ विसरूनही गेले होते.

“काय व्हयनं?” नाना दारातून म्हणाले. “तोंड कसाले उतरी गयं तुनं?”

“काही नाही. थंडीने,” मी म्हटलं.

घरी आल्यावर मी दुकानातल्या टेबलावर तसाच एक डबा मांडला, त्याला उष्णता मोजायची तार जोडली, जवळ शंभरचा बल्ब लावला. कर्नल नवा टाकला, माझ्या बदलासकट. अपेक्षेप्रमाणे डब्याला ‘सेव्हर’ नाव सापडलं नाही आणि त्याने मुकाट्याने सगळ्यात संथ चाल धरली. आता मी सोळाव्या वर्षी लिहिलेला प्रोग्राम म्हणजे एक अवजड गाडं आहे. प्रत्येक मोजणीला तो अख्खा आलेख पहिल्यापासून काढतो, कारण मला तेव्हा आलेख फार आवडायचे. जीव खाऊन पळणाऱ्या प्रोसेसरवर ते खपून जात होतं. संथ चालीवर पंखा अकरा मिनिटं उशिरा सुरू झाला. पुन्हा करून बघितलं तर चौदा.

चेंबरला पंचेचाळीस डिग्रीच्या दुपारी असे अकरा-अकरा मिनिटांचे उशीर झाले की केळी आतून शिजतात. ते एक वेळ परवडलं. पण पिकणारी केळी आतली हवा खराब करत असतात, ती बाहेर फेकणारा पंखाही याच डब्यावर चालतो. तो वेळेवर लागला नाही आणि क्रेट बघायला माणूस आत शिरला, तर तो चक्कर येऊन तिथेच पडेल. कादरभाई दिवसातून सहा वेळा आत जातात.

आणि डबे नवा कर्नल घेणार नाहीत म्हणावं, तर तेही शक्य नव्हतं. सात वर्षांपूर्वी मीच त्यांना आपोआप अपडेट लावून ठेवलं होतं, नानांना उन्हातान्हात पेनड्राइव्ह घेऊन फिरावं लागू नये म्हणून. अपडेट येतं थेट इंटरनेटवरून, ते थांबवणं माझ्या हातात नाही. जिथे हात घालावा तिथे माझंच कर्तृत्व पुढे येत होतं. मला स्वतःचा असा राग आला की त्या सोळा वर्षांच्या पोरीला धरून हलवावं.

तरी मी म्हटलं, ठीक आहे. डबे किती असतील? प्रत्येक ठिकाणी जाऊ, तिसरी ओळ बदलू, विषय संपला. पाच दिवस हातात आहेत. नानांना फक्त एवढं सांगितलं की सगळ्या डब्यांत एक दुरुस्ती करायची आहे, कुणाकुणाकडे आहेत ते सांगा.

“लिख,” नाना म्हणाले, आणि डोळे मिटून सांगत गेले. सावदा, जळगाव, चोपडा, शिंदखेडा, पिंपळनेर. बावीस झाले.

“बस एवढेच?”

“मी बसाडेल तं इतलाच. बाकी मंग ज्यानी मांगी त्याले दिधी कॉपी. पेनड्राइव्हच शे, वावर थोडीच शे.”

“कुणाकुणाला दिली?”

“हाई कसाले ध्यानमा ठेवानं?” नाना चकित होऊन म्हणाले.

मी स्कूटी काढली. तीन दिवसांत बावीसच्या बावीस डबे दुरुस्त केले. लांबच्या गावांना एसटीने गेले, परत येताना उभ्याने आले. आणि जिथे जाईन तिथे एकच प्रश्न विचारला: तुम्ही ही कॉपी पुढे कुणाला दिली का?

शिंदखेड्याचा नवीन मला लस्सी पाजून म्हणाला, “ताई, मना सालाले दिधी, नंदुरबारले. त्यानी आखो दोन-तीन जणस्ले दिधी. चालू चीज शे, कोण नही म्हनी?”

पिंपळनेरला बन्सीलाल नावाच्या गृहस्थांकडे तर केळीच नव्हती. त्यांनी तोच प्रोग्राम अंडी उबवायच्या पेट्यांवर चढवला होता आणि तिकडच्या पाड्यांवर सात-आठ जणांना वाटला होता. माझ्यासमोर एक पेटी उघडून दाखवली. आत पिल्लं चिवचिवत होती. बन्सीलालभाऊ इतके खूश होते की मला डझनभर अंडी बांधून दिली.

जळगावला कादरभाई हिशोबच करू शकले नाहीत. “बेटी, मैं तो बुऱ्हाणपूर तक बाटके बैठा,” ते म्हणाले. “उधर से सुरतवाले ले गये. अब किसका नाम लूं?”

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मला कळून चुकलं की हे मला कधीच पुरं होणार नाही. कॉपीबरोबर माझं ते आपोआप अपडेटही गावोगाव गेलं होतं. आमच्याकडे चालणारं मशीन ही अडवून धरायची गोष्ट नसते. शेजाऱ्याने मागितलं, द्यायचं. विरजणासारखं. कुणी लिहून ठेवत नाही, कुणी विचारत नाही, कुणी तिकडच्या इंग्रजी याद्या वाचत नाही. मेंटेनरबाईंनी साऱ्या जगाला जाहीर विचारलं होतं आणि जग गप्प होतं. ज्यांचं अवलंबून होतं त्यांना प्रश्न विचारल्याचंच माहीत नव्हतं. माहीत होतं ते फक्त मला.

आणि मला गप्प बसायचं होतं. हे मी कबूल करते. दोन दिवस मी स्वतःला समजावत राहिले की सुरतेच्या कुणा परक्या माणसाच्या केळ्यांशी मला काय देणंघेणं. कुणी मला विचारायला येणार नव्हतं. कुणाला कधी कळणारही नव्हतं. पंखा उशिरा लागला म्हणजे लोक विजेला शिव्या घालतात. मी बंगलोरमधल्या खोल्यांची भाडी बघत बसले. एका खोलीला खिडकीत कुंड्या होत्या.

सोमवारी मुदत संपणार होती. रविवारी दुपारी मी मेल लिहिलं. जुन्या नावावर अवलंबून असलेली मशीन आहेत, खानदेशात आणि त्याच्या आसपास, किती ते मोजता येत नाही. प्रोग्राम माझाच आहे. नाव जुनंच राहू द्या. पाठवायचं बटण दाबलं आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

तासाभरात बाईंचं उत्तर आलं. रविवार असूनही. त्यांनी माझ्या प्रामाणिकपणाचे आभार मानले होते, आणि पुढे जे लिहिलं होतं ते मी चार वेळा वाचलं. जुनं नाव ठेवायचं तर त्याला कुणीतरी वाली हवा. दर नव्या कर्नलला, म्हणजे वर्षातून पाच-सहा वेळा, तशाच डब्यांवर, तशाच उन्हात चाचणी घेऊन कळवायचं. त्या माणसाचं नाव आणि ठिकाण कर्नल सांभाळणाऱ्यांच्या यादीत लागेल. असा माणूस शुक्रवारपर्यंत पुढे आला नाही, तर मात्र नियमाने जुनं नाव काढता येईल, आणि तुमचा बदल या खेपेलाच आत जाईल. तुम्ही करणार का? खाली एक छोटा तक्ता होता. नाव, ठिकाण, यंत्रं कुठे आहेत.

म्हणजे दार अजून उघडंच होतं. काही करायला नको, खोटं बोलायला नको. नुसतं शुक्रवारपर्यंत तक्ता भरायचा नाही. मी आपलं काम केलं, सांगितलं, पुढे नियम जाणे.

मी बंगलोरच्या कंपनीला विचारून पाहिलं की यादीत असं वाली म्हणून नाव लागलं तर चालेल का. त्यांच्याकडून गोड उत्तर आलं. अभिनंदन, पण आम्हाला शिरलेला बदल हवा आहे. शिवाय ज्याला वर्षातून सहा वेळा धुळ्यात राहून चाचण्या घ्यायच्या आहेत त्याला आम्ही इकडे कसं आणणार?

गुरुवारी दुपारी नाना दुकानात आले. मी तक्ता समोर ठेवून बसले होते.

“जेवनी बी नही तू,” ते म्हणाले. “आठ दिन व्हयनात, मी देखी राहिनू. सांग.”

मी सांगितलं. सगळं सांगितलं, नोकरीचं, नावाचं, सुरतेचं. नानांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. त्यांना संगणकातलं किती कळलं माहीत नाही, पण तक्त्यातलं कळलं.

“तू हाई नही भरं तं तुनी नोकरी लागी?”

“बहुतेक.”

“मंग नको भरू.” त्यांनी इतक्या पटकन म्हटलं की मला वाईट वाटलं. “केळं सडनात तं लोके मले शिव्या देतीन. देऊ दे. मले सवय शे.”

“केळ्यांचं नाही नाना. माणूस आत शिरतो. कादरभाई शिरतात. त्यांचा डबा मी दुरुस्त केला, पण सुरतेला, बुऱ्हाणपूरला जो कादरभाई असेल, त्याचं काय?”

 बाहेर रिक्षावाले सावलीसाठी भांडत होते.

मग माझा तोल गेला. नानांवर मी कधी ओरडले नव्हते, त्या दिवशी ओरडले. “कशाला वाटत सुटलात तुम्ही ते? बावीस ठिकाणी लावलं, ठीक. साऱ्या खानदेशाला का वाटलं? ना कुठे नोंद, ना काही. मला विचारायचं तरी! मी बाहेर पडणार होते नाना, माझा एक पाय बाहेर होता!”

नाना चष्म्याची काडी उघडत-मिटत राहिले. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, आता रागावतील.

“तू बनाडेल व्हतं ना,” ते म्हणाले.

“मग?”

“सोळा वरीसनी पोर. मी सांगू लोकेस्ले, तं कोणी इस्वास नही ठेये. हसतस. मंग मी काय करू, मशीनच चालू करी दखाडू. म्हनू, देखा, मनी पोरनी बनाडेल शे. तठून लोके मांगेत. मी दी टाकू.” ते थांबले. “दरखेपले तुनं नाव सांगीसन दिधी. फुकट नही दिधी.”

 आठ दिवस मी ज्याला चूक म्हणत होते, निष्काळजीपणा म्हणत होते, ते या माणसाचं सुख होतं. तेरा वर्षं ते गावोगाव जाऊन माझं कौतुक करत फिरले होते, आणि त्या कौतुकाची एकेक गाठ माझ्या पायाला बसत गेली होती. निदान राग तरी माझा स्वतःचा होता, त्याच्या जोरावर मी इथून निघून जाऊ शकले असते. आता तोही राहिला नाही. आयुष्यात इतकं कोंडल्यासारखं मला कधी झालं नव्हतं, आणि दार लावणाऱ्याला मी बोलही लावू शकत नव्हते.

“नोकरी करी ले दिपू,” नाना म्हणाले. “मी जासू सुरतले. देखसू कोठे-कोठे शे ते.”

त्यांना दहा फुटांवरचा फलक वाचता येत नाही. एसटीची पाटी ते शेजाऱ्याला विचारतात.

“तुम्ही घरी जा, ऊन उतरलं की,” मी म्हटलं. “आईला सांगा मी जेवायला येते.”

ते उठले, शटरला धरून पायरी उतरले आणि रस्ता ओलांडायला रिक्षा जायची वाट बघत उभे राहिले. मी तक्ता पुढे ओढला. नाव लिहिलं, दिपमाला रुपचंद. ठिकाण लिहिलं, धुळे. यंत्रं कुठे आहेत, या रकान्यात लिहिलं की सगळी मला माहीत नाहीत, पण मी इथेच आहे. आणि पाठवून दिलं.